इवाईसमोर भरलेलं रिटर्न

आधी चहा घ्या. हा किस्सा सांगताना मी मधेच थांबतो आणि लोकांना वाटतं, म्हातारा झोपला. झोपत नाही हो. लाज वाटते म्हणून थांबतो.

मी बांबूचं काम करतो. सुपं, टोपल्या, कोंबड्या झाकायचे डाले. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. अलीकडे बोटं ऐकत नाहीत. सुरी बांबूवर ठेवली की बोटच आधी पुढे येतं. म्हणून बांबू चिरायची मशीन घ्यावी असं मनात आलं, आणि बँकेत कर्जाचं विचारलं.

साहेब म्हणाले, "इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून आणा."

मी घाबरून विचारलं, "साहेब, मले कर लागते का?"

"नाही लागत. तुमचं उत्पन्न फार कमी आहे. पण कमी आहे हे कागदावर पाहिजे."

आता सांगा! सत्तर वर्षं मी गरीब आहे, सगळ्या गावाला दिसतो. सरकारला तेवढं लिहून द्यायचं राहिलं होतं.

सिंदेवाहीत सुनंदाबाईंचं ऑनलाइनचं दुकान आहे. पन्नाशीची बाई, मायाळू, पण आवाज असा की रस्त्यावरची बैलजोडी थांबावी. मला कमी ऐकू येतं म्हणून त्या माझ्याशी आणखी जोरात बोलतात. मी सकाळी नऊला जाऊन बसलो. लिंक नव्हती. दहाला नव्हती. अकराला नव्हती. बाकावर बसून पाठीची काठी झाली. बारा वाजता लिंक आली, आणि तिच्या पाठोपाठ दारातून माझे इवाई आले.

इवाई म्हणजे व्याही. माझ्या शांताचे सासरे. त्यांचं शिलाईचं दुकान आहे. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन.

"राम राम इवाई! तुमी इथी कसे?"

"असंच. धंद्याचं काम होतं."

धंदा! सुपं विकणाऱ्याच्या तोंडातून हा शब्द कसा निघाला, मलाच कळलं नाही. ते खुशाल माझ्या शेजारी टेकले. आणि तेवढ्यात सुनंदाबाई ओरडल्या, "भाऊ, वर्षाचं उत्पन्न किती लिहू?"

खरं उत्पन्न चाळीस हजार. तेही बरं वर्ष असलं तर. पण पोरीच्या सासऱ्यासमोर ते कसं सांगू? बापाची मान खाली गेली की पोरीला त्या घरात दोन घास कमी जातात, असं माझी आई म्हणायची. शांताच्या लग्नातही मी उसन्या धोतरावर ताठ उभा होतो.

"बाई, जरा हळू बोला," मी म्हणालो.

"हळू बोलली का तुमाले ऐकू येत नाई! किती लिहू?"

इवाई पेन चाचपत म्हणाले, "दुकानदारीत काही राह्यलं नाई हो आता. माझंच मरमर करून दीड लाख होते."

झालं! मी म्हणालो, "दोन लिहा."

"दोन हजार?"

"लाख, बाई."

सुनंदाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सुपाचे?"

"सुपाचे, टोपल्याचे, डाल्याचे. सगळे मिळून तीन लिहा."

एका दमात लाख वाढवला! माझ्या आयुष्यात एवढी कमाई एवढ्या लवकर कधी झाली नव्हती.

इवाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा इवाई! कारखाना टाकला आन सांगतलं नाई? माणसं किती हायेत कामाले?"

"चार," मी म्हणालो. चार बकऱ्या आहेत माझ्याकडे, तेवढाच आकडा सुचला.

"मंग माह्या धाकट्याले पण लावून घ्या ना! घरीच बसून आहे."

"पाहू," मी म्हणालो. कारखानदार असंच म्हणत असावेत.

पण जीव आतून करपत होता. न राहवून विचारलं, "बाई, एवढ्यावर कर किती लागते?"

"काईच नाई लागत."

हुश्श! मी पाय पसरले. आणि पसरले न पसरले तोच बाई म्हणाल्या, "पण तुमचं रेशन बंद होईल हं भाऊ. आजकाल नावं ताडून पाह्यतात. तीन लाखवाल्याले तांदूळ कोण देईन?"

पाय पुन्हा जवळ घेतले. तांदूळ गेला तर आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी खाणार काय? टोपल्या? मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं. त्या म्हणाल्या, "डोळ्यात काही गेलं का?" इवाईंना म्हटलं, "तुमी चहा घेऊन या ना." ते म्हणाले, "कारखानदाराले एकटं सोडून कसा जाऊ?"

"आता ओटीपी आला का झालं," बाई म्हणाल्या. "मंग काही बदलत नाई."

ओटीपी माझ्या फोनवर येत नाही. आधारला नंबर शांताचा दिलेला आहे. बाईंनी तिला फोन लावला, आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. नको उचलू ग माय, म्हणून मी देवाला हात जोडले. पहिल्याच रिंगला उचलला.

"शांता, तुह्या बाबाचं तीन लाखाचं रिटर्न भरून राह्यली. नंबर आला असन, सांग."

"तीन लाख?" पोरगी किंचाळली. "बाई, दुसऱ्या कोणाचे कागद असतीन! बाबा, कोणी फसवून तर नाई राह्यलं तुमाले? अवो, मागच्या महिन्यात चष्म्याले पैसे नोते, तं मीच नाई का पाचशे पाठवले!"

मी माझ्या पायांकडे पाहत बसलो.

इवाईंनी घसा खाकरला. "पाचशे मीच देल्ले होते सूनबाईजवळ. तुमाले सांगू नको म्हटलं होतं तिले."

"म्हणजे तुमाले सगळं मालूम होतं? मंग धाकट्याले कामाले लाव म्हणून कायले छळलं मले?"

"मी म्हटलं, पाहू, हा माणूस कुठपर्यंत जाते."

सुनंदाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मंग भाऊ, लिहू किती?"

"चाळीस हजार," मी म्हणालो. पहिल्यांदाच हळू बोललो, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

काम झाल्यावर आम्ही दोघं समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. माझा हात तरी सुधारावा की नाही? ऐटीत पैसे द्यायला खिशात गेलाच. इवाईंनी तो धरला.

"राहू द्या शेठ. तुमच्याजवळ सुटे नसतीन."

खरंच सुटे नव्हते हो. बंदेही नव्हते.