बिचारा, विचारा

रेडिएटरवर वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा तो ओलसर, करपट वास... पिस्कॅटवे या अमेरिकन गावातला, ऐंशीच्या दशकातला तो हिवाळा मला अजून त्या वासानेच आठवतो. आई हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी परतली होती. बाळ जन्मतःच गेलं, एवढंच मला ठाऊक; त्याबद्दल बाबा बोलत नव्हते, आईही बोलत नव्हती. ती दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरे, लावलेले ड्रॉवर पुन्हा उपसे, दूध उतू जाईपर्यंत खिडकीशी उभी राही – आणि तिच्यामागे मीही, का कुणास ठाऊक, तशीच फिरत राही.

समोरच्या अपार्टमेंटमध्ये सारीमावशी राहत. त्या इंडोनेशियाच्या, त्यांचे यजमान युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकत होते. एका दुपारी त्या नारळाच्या दुधात शिजवलेला दरवळता भात घेऊन आल्या, आईचा हात हातात घेऊन बसल्या आणि इंग्रजी अपुरं पडताच आपल्याच भाषेत म्हणाल्या, “बिचारा... बिचारा.”

मला वाटलं, त्या बाळाची कीव करताहेत. आईला मात्र ‘विचारा’ ऐकू आलं.

त्या संध्याकाळी बाबा बूट काढत असतानाच तिने विचारलं, “तिला कुठे ठेवलंत?”

बाबा तिथेच खाली बसले. मग थांबत थांबत सांगू लागले... गावाबाहेरच्या दफनभूमीत, लहान मुलांच्या कोपऱ्यात. एकटेच गेले होते. नर्सने नाव विचारलं, तेव्हा ‘रेवा’ सांगितलं होतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तोंडातून शब्दच फुटेना गं.”

रविवारी आम्ही तिघं बर्फ तुडवत तिथे गेलो.

पुढे सारीमावशींच्या यजमानांनी तो शब्द उलगडून सांगितला. बिचारा म्हणजे बोलणं. मूळ संस्कृत ‘विचार’च, पण समुद्रापार जाऊन बोलका झालेला. तिथे त्याला नवे उपसर्ग-प्रत्यय फुटले – ‘बर्बिचारा’ हे क्रियापद, ‘पेम्बिचारा’ म्हणजे बोलणारा, ‘पेम्बिचाराआन’ म्हणजे संवाद. आपल्याकडे तो मनातच घोळत राहिला, फार तर प्रश्न होऊन ओठांवर आला...

“त्या मला बोला म्हणत होत्या,” आई हळूच म्हणाली, “आणि मी विचारून बसले.” बाळ गेल्यापासून ती प्रथमच हसली.

सारीमावशी मायदेशी परतल्या. बाबाही आता नाहीत. आईला हल्ली पुष्कळसं आठवत नाही. एखाद्या अस्वस्थ दुपारी ती मला ‘रेवा’ म्हणून हाक मारते.

मी ओ देते.