पहिली ओळ मोकळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी कुंदाताईंचं नाव घेईन. आईला हे सांगितलं तर ती रागावणार नाही. तीही हेच नाव घेईल.

बिघडलेली वस्तू समोर आली की कुंदाताई दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. मिक्सर असो, पंखा असो, इस्त्री असो, पहिली पाच मिनिटं हात लावायचा नाही. वाकून, मान तिरकी करून चारी बाजूंनी नुसतं बघायचं. मग आणणाऱ्याला विचारायचं, "बंद पडायच्या आधी शेवटचं काय झालं होतं?" बहुतेक जण म्हणत, "काय नाय ताई, चालत नाय एवढंच." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "चालत नाय ही तक्रार झाली. कारण सांग."

भिवंडीतल्या नारपोलीत आमच्या चाळीच्या गॅलरीत शेवटची खोली त्यांची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबल, आणि टेबलावर चाळीतल्या कुणाचं ना कुणाचं काहीतरी उघडून ठेवलेलं. नववीपर्यंत शिकलेल्या कुंदाताई जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात परत आलेल्या मालाच्या टेबलावर काम करायच्या. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली वस्तू खरंच बिघडली आहे की नुसती नकोशी झाली आहे, हे तपासायचं. सकाळी साडीवर गोदामाचं नारिंगी जॅकेट चढवून त्या निघाल्या की सगळी गॅलरी म्हणायची, "चालल्या डॉक्टरीणबाई."

मी खारबावच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. घरची थोडी भातशेती, बाकी वर्षभर मजुरी. आमच्या पाड्यावरून कॉलेजात गेलेला मी पहिला. भिवंडीत शिकायला आलो आणि या चाळीत खोली घेतली. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, म्हणून ती खोली कुणी घेत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी कुंदाताईंना मावशी म्हणालो. त्या म्हणाल्या, "ताई म्हण. मावशी म्हटलं की माझे गुडघे दुखायला लागतात."

खारबावच्या शाळेतले माझे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपला जुना लॅपटॉप मला दिला होता. आईने तो आपल्या नव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. पाड्यावर लॅपटॉप तो एकच. फोनवर आईचा पहिला प्रश्न असायचा, "ते यंत्र बरा हाय ना?" माझी चौकशी त्यानंतर.

शेवटच्या वर्षी आम्हाला एक प्रोग्राम तयार करून, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून दाखवायचा होता. मी पाड्यावरच्या शाळेतल्या पुस्तकांची यादी ठेवणारा छोटा प्रोग्राम केला होता. तो नीट चालला तर पदवी, नाहीतर वर्ष वाया. आणि आणखी एक वर्ष शहरात राहणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं, हे मला न सांगताही कळत होतं.

परीक्षेला दीड महिना उरला असताना लॅपटॉप मध्येच बंद पडायला लागला. सूचना नाही, पडदा मंद होणं नाही. लिहिता लिहिता अर्ध्या शब्दावर काळोख. पुन्हा चालू केला की शहाण्यासारखा चालायचा, आणि मी विसरलो की पुन्हा तेच. मी तो लुगड्याच्या तुकड्यासकट कुंदाताईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी हात पाठीमागे बांधले. बघितलं. मग म्हणाल्या, "कुठे आपटला, पडला वगैरे?"

"नाही ताई."

हे खोटं होतं. त्याच आठवड्यात गावाहून येताना, अंजूरफाट्याला शेअर रिक्षातून उतरत असताना पिशवीचा बंद तुटला आणि लॅपटॉपचा कोपरा रस्त्यावर आपटला होता. घाबरून तिथेच चालू करून बघितला, तर चालला. म्हणून मी ते मनातून पुसून टाकलं. शिवाय त्याच्या थोडे दिवस आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून माउस खाली पडला होता, तेव्हा वर्गातला एक जण म्हणाला होता, "अरे, ह्याला हळू धरायला सांगा कुणीतरी. कोयता न्हाय म्हणावं तो." सगळे हसले. मीही हसलो. पण सरांनी दिलेलं, आईने लुगड्यात गुंडाळलेलं यंत्र माझ्या हातून पडलं, हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडातून निघेना.

कुंदाताईंनी शंभर पानी वही काढली. प्रत्येक वस्तूला त्यात एक पान असे. त्यांनी रकाने आखले: वार, वेळ, काय चालू होतं, काय झालं. मग वही माझ्यापुढे सरकवली. "बंद पडला की रडत बसायचं नाय. कधी पडला ते लिहायचं. आणि पहिली ओळ मोकळी सोड."

"का?"

"माणसाला पहिल्या दिवशी सगळं आठवत नाय. मागनं आठवलं की तिथे लिहायचं. मी परत विचारणार नाय."

पुढचे पाच रविवार त्यांनी माझ्या लॅपटॉपला दिले. रविवार हा त्यांचा सुट्टीचा एकच दिवस. पहिल्या रविवारी पंख्याच्या जाळीतून चिमट्याने सुताचा पुंजका ओढून काढला. लूमच्या भिंतीला लागून राहिल्याचा तो प्रसाद होता. "बघ, यात बाळाची उशी होईल," म्हणाल्या. लॅपटॉप दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी बंद पडला. पुढच्या रविवारी आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून परत बसवल्या. बॅटरी सरांच्या काळातच संपलेली होती, त्यामुळे तो फक्त चार्जरवर चालायचा. म्हणून त्यांनी चार्जरची पिन घालून, काढून, हलवून बघितली. नेमका तेव्हा तो बंद पडला नाही.

मी रोज प्रामाणिकपणे वही भरत होतो. एक ओळ सोडून बाकी सगळ्या ओळी खऱ्या होत्या.

चौथ्या रविवारी त्यांनी वहीवर बोट फिरवलं आणि थांबल्या. "अनंत्या, शुक्रवारी एकदापण नाय."

खरंच. महिनाभरात एकाही शुक्रवारी तो बंद पडला नव्हता. शुक्रवारी आमच्या गल्लीतले लूम बंद असतात. कुंदाताईंचा चेहरा उजळला. "लूम चालले की लाइटचा दाब खाली-वर होतो. तुझा चार्जर झालाय म्हातारा, त्याला ते झेपत नाय. दुसऱ्या चार्जरवर बघितलं की कळेल." त्यांना मिळालेल्या पुराव्यावरून दुसऱ्या कुणीही हेच म्हटलं असतं. पुरावा अपुरा होता, आणि तो मी अपुरा ठेवला होता.

त्या पिनचा चार्जर बाजारात मिळेना. मॉडेल जुनं झालं होतं. कुंदाताई म्हणाल्या, "आमच्याकडे परत आलेल्या मालात एक पडलाय. भंगारातच जायचाय. एक रात्र आणून बघू, सकाळी परत ठेवू." माझी परीक्षा तेव्हा एका आठवड्यावर आली होती.

कुंदाताई सगळ्यांना एकच सांगायच्या, "तोंडी नको, लिहून दे." गॅलरीतल्या बाईने नळाची पाळी बदलली तरी त्या चिठ्ठी मागायच्या आणि बायका त्यांची नक्कल करायच्या. पण त्या शनिवारी गोदामात सुपरवायझरने फोनवर बोलता बोलता हात हलवून म्हटलं, "हाँ हाँ, ले जाओ, कल सुबह रख देना," आणि त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलं नाही. शिफ्ट सुटताना गेटवर पिशवी तपासली. चौकीदाराने चार्जर वर धरून विचारलं, "ये क्या है, मौसी?" सुपरवायझरला बोलावलं. तो म्हणाला, "मैंने कब बोला?" रांगेत पन्नास माणसं उभी होती. ताईंचं ओळखपत्र तिथेच काढून घेतलं.

हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्याच गोदामात काम करणाऱ्या आमच्या शेजारच्या सुनंदावहिनींनी सांगितलं, आणि तेही कुजबुजत, "चोरी केली म्हणे." मी म्हणालो, "वहिनी, माझ्यासाठी आणत होत्या." वहिनी म्हणाल्या, "तुझ्यासाठी आणली तरी चोरी ती चोरीच ना रे?"

रविवारी सकाळी कुंदाताई माझ्या दारात उभ्या होत्या. हातात स्क्रू ड्रायव्हर. डोळे सुजलेले, आवाज नेहमीचा. "उद्या परीक्षा ना? बस. आज पूर्ण उघडायचा."

मला बोलायचं होतं. मी चहा टाकला.

त्यांनी लॅपटॉप माझ्याच खोलीतल्या टेबलावर उलटा ठेवला आणि सवयीने हात मागे बांधायच्या आधी एक तळवा टेबलावर टेकवला. भिंतीपलीकडे लूम धडधडत होते. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दाब नाय रे. हादरा."

खालचं झाकण काढलं. चार्जरची पिन जिथे शिरते तो आतला भाग मूळ पट्टीपासून केसभर सुटला होता. लूमच्या हादऱ्याने टेबल थरथरलं की तेवढाच संबंध तुटायचा, आणि बॅटरी नसल्यामुळे सगळंच बंद. त्यांनी कथलाचा डाग देऊन तो भाग पक्का केला. त्यांचा हात जराही हलला नाही. काम करता करता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "पडलेली वस्तू आली की मी सगळ्यात आधी वायर शिरते ती जागा उघडते. हा पडलेला असता तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं."

झाकण लावताना त्यांचा अंगठा डाव्या कोपऱ्यावर थांबला. तिथे चेपलं होतं. फार नाही, पण बोटाला कळण्याइतकं. अंगठा त्या खोलगटावरून एकदा गेला, परत आला. त्यांनी वहीचं माझं पान उघडलं, सगळ्यात वरची मोकळी ओळ बघितली, आणि वही मिटली.

"चहा उतू जातोय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप अडीच तास चालला. परीक्षकांनी प्रोग्राममध्ये एका पुस्तकाचं नाव शोधायला सांगितलं आणि ते सापडलं. मी पदवीधर झालो. आईने पाड्यावर सगळ्यांना गूळ वाटला.

त्यानंतर कुंदाताईंच्या टेबलावर काही आलं नाही. आधी मिक्सर यायचे थांबले, मग पंखे. त्यांच्या तोंडावर कुणीच काही बोललं नाही. कुणी गॅलरीतून जाताना त्या नुसत्या वर बघायच्या आणि परत खाली. तीन महिन्यांनी त्यांनी खोली सोडली आणि नाशिकला भावाकडे गेल्या. टेम्पोत सामान चढवून झाल्यावर त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे असू दे. तुझं पान अजून भरायचंय." ओरडून म्हणाल्या असत्या तर मी तिथेच सगळं सांगितलं असतं. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. मी मान हलवली आणि टेम्पो गेला.

आता मी एका आश्रमशाळेत संगणक शिकवतो. मागच्या महिन्यात सातवीतली एक मुलगी कीबोर्ड छातीशी धरून आली आणि म्हणाली, "सर, माझ्या हातना पडला." मी विचारलंही नव्हतं. ती घाबरली होती, पण माझ्याकडे सरळ बघत होती. मी तो कीबोर्ड तिच्या हातातून घेतला. त्यानंतरच्या रविवारी मी नारपोलीला जाऊन आलो, आणि त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर बसून हे पत्र लिहिलं.

ती. कुंदाताई यांस,

सप्रेम जयभीम.

फोन करता आला असता, पण तुम्ही म्हणायचात, तोंडी नको, लिहून दे. म्हणून लिहून देतो.

ताई, तुम्ही विचारलं होतं, कुठे आपटला, पडला का? मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. मी विसरलो नव्हतो. लाज वाटत होती. तुम्ही मला ओरडणार नाही हेही माहीत होतं, तरी बोललो नाही. मी खरं बोललो असतो तर चार्जर आणायची वेळच आली नसती. सुपरवायझर खोटं बोलला असं मी इतके दिवस सगळ्यांना सांगत आलो. त्याच्या आधी मी खोटं बोललो होतो.

मागच्या रविवारी मी नारपोलीला गेलो होतो. सुनंदावहिनींना आणि नळावर होत्या त्या सगळ्यांना हे सांगितलं. वहिनींनी नळ बंद केला. मग वहिनी म्हणाल्या, "माझा मिक्सर तेव्हापासून बंद पडलाय, कुंदाताईंना कळव." त्यांना माफी मागता येत नाही. मलाही नीट येत नाही, हे पत्र वाचताना तुम्हाला कळेलच.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. लॅपटॉप अजून चालतो. शुक्रवारीही आणि बाकीच्या दिवशीही.

सोबत वहीतलं माझं पान काढून पाठवतो आहे. पहिल्या ओळीत आता लिहिलं आहे ते असं:

वार रविवार. संध्याकाळ. अंजूरफाटा. बंद होता, पिशवीत होता. माझ्या हातून पडला.

तुमचा,
अनंता