आठ झबल्यांची परीक्षा

"साठच्या साठ!" बेबीताईंनी टोपली माझ्या टेबलावर आदळली. "एकाच्याबी मानेवर पीस नाई. हा कोणता रोग देला मले, डॉक्टरभाऊ?"

टोपलीतून आठवडाभराची दहा-बारा पिल्लं डोकावली. डोक्यावर लव, अंगावर लव आणि मधली मान गुळगुळीत, गुलाबी, गळ्याखाली तेवढा लवेचा एक ठिपका. बाकीची घरी होती. ताईंनी सगळी मोजली होती.

मी खुर्चीतून उठलो आणि टाळी वाजवली. अशा वेळी टाळी वाजवू नये, एवढं मलाही कळतं. पण मी कोंबड्यांच्या पैदाशीत काम करतो, आणि आमच्या धंद्यात आनंदाच्या बातम्या बहुधा रागावलेली माणसंच घेऊन येतात.

"हासता काय? मोहल्ला आधीच हासून राह्यला. शेजारीण म्हणते, बेबे, गिधाडं पाळले काय वं?"

बेबीताई घाटंजीजवळच्या एका गावात राहतात. ब्लाउज शिवतात आणि परसात कोंबड्या पाळतात. मी बाभुळगावकडच्या एका संस्थेच्या हॅचरीत पशुवैद्य आहे. गावठी कोंबडीला जास्त मांस यावं म्हणून आम्ही निवडलेले नर महिलांच्या गटांना देतो. ताईंना मी उघड्या मानेचा एक कोंबडा दिला होता आणि छाती पुढे काढून सांगितलं होतं, "निम्मी पिल्लं उघड्या मानेची निघतील, निम्मी भरल्या मानेची. दोन्ही तोलून पाहू."

हे मी कशावरून सांगितलं? पिल्लाला प्रत्येक गुणाची दोन पाकिटं मिळतात. एक बापाकडून, एक आईकडून. उघड्या मानेचं एकच पाकीट मिळालं तरी मान उघडी पडते, पण गळ्याखाली पिसांचा एक झुपका राहतो, वकिलाच्या पांढऱ्या बँडसारखा. हॅचरीत आम्ही अशांना 'वकील'च म्हणतो. दोन्ही पाकिटं उघड्या मानेची असली, तर झुपका जवळजवळ नसतोच. वकील बाप ते पाकीट साधारण निम्म्या पिल्लांना देतो. दोन पाकिटंवाला बाप सगळ्यांना देतो, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतंच. ताईंच्या कोंबड्याच्या गळ्याखाली तीन-चार पिसं होती. तेवढ्यावर मी त्याला वकिलीची सनद देऊन टाकली होती. चूक माझी.

"मग आता?"

"आता तुमच्याकडे आमच्या हॅचरीतला सगळ्यात पक्का बाप आहे."

"त्या बापाचा उद्या रस्सा होते," ताई म्हणाल्या.

मी हात जोडले. पावसाळ्यापर्यंत थांबा म्हटलं. तुलनेसाठी त्याच वयाची भरल्या मानेची वीस पिल्लं त्यांना दिली. दोन्ही एकाच अंगणात, एकाच दाण्यावर वाढवायची. ताईंनी ती घेतली, पण जाताना माझ्याकडे असं बघितलं, की रस्शाच्या यादीत माझंही नाव असावं.

महिनाभरात इतर गटांच्याही तक्रारी आल्या. मग नागपूरहून मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पप्रमुख. त्यांना लांबण आवडत नाही, आणि माझं सगळं आयुष्य लांबणीत गेलेलं आहे.

"डॉक्टर, उघड्या मानेची लाइन बंद करा."

लाइन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वेगळा राखलेला, वेचून वेचून घडवलेला कळप. तो एकदा मोडला की बाजारातून विकत आणता येत नाही.

"मॅडम, सहा पिढ्या निवडल्यात."

"लोकांना नको असतील तर सातवी कोणासाठी?"

"उन्हाळा जाऊ द्या. ही कोंबडी उन्हाळ्यासाठीच आहे."

"जूनचा पहिला घाटंजीचा बाजार. मी स्वतः येईन. तिथे विकली गेली नाहीत, तर लाइन कटिंगला. नर, माद्या, सगळ्या."

आता उन्हाळ्याचा आणि मांसाचा संबंध काय? कोंबडीला घाम येत नाही. मे महिन्यात ती चोच उघडून धापा टाकते, पंख पसरते, पाणी पिते आणि दाण्याकडे ढुंकून बघत नाही. जे खाल्लं नाही, ते छातीवर कुठून चढणार? उघड्या मानेच्या कोंबडीला मानेवर पिसं नसतात आणि अंगावरही कमी असतात. अंगातली उष्णता निघून जाते, म्हणून ती खात राहते. शिवाय पिसं प्रथिनांची बनतात. पिसांवरचा खर्च वाचला, की तोच ऐवज मांसाकडे वळतो. थंडीच्या मुलखात हीच कोंबडी काकडून बसेल. पण आपण यवतमाळात राहतो. काकडायची संधी आपल्याला फार मिळत नाही.

मेच्या शेवटी भर दुपारी मी ताईंच्या अंगणात गेलो. भरल्या मानेच्या कोंबड्या बोरीखाली चोची उघडून पडल्या होत्या. आणि ताईंची 'गिधाडं' उकिरडा उपसत होती.

"पाहा बेशरमाईले," ताई म्हणाल्या. "मानसं घरात पडून हायेत अन् हे दुपारीबी चरून राह्यले." आवाज रागाचा होता. पण कौतुक लपवायचं म्हटलं, की बाईमाणूस असाच आवाज काढतं.

मी सगळी तोलली. वजनं माझ्या बाजूने होती. पण वजनाची वही कोणी रस्शात घालत नाही. त्याच आठवड्यात ताई दोन कोंबडे घेऊन बाजारात गेल्या आणि दोन्ही परत घेऊन आल्या. घाटंजीत कोंबड्यांचे मोठे खरेदीदार म्हणजे सलीमभाई. त्यांचं चिकनचं दुकान आहे. लग्नाच्या ऑर्डरीही तेच करतात. त्यांनी कोंबड्याला हातसुद्धा लावला नव्हता. लांबूनच म्हणाले, "ताई, ये बीमार मुर्गा मेरे सामने मत रखो. गिऱ्हाईक पळून जाईल."

"हात तं लावा म्हटलं, त लावलाच नाई!" ताई मला सांगताना तापल्या होत्या. "भरल्या मानेच्याची छाती चार डाव दाबते तो. माह्या कोंबड्यानं काय घोडं मारलं?"

मग त्या शिलाईच्या मशीनकडे बघत राहिल्या. "डॉक्टरभाऊ, भांडन मानेशीच हाय ना? झाकून टाकू मान."

मॅडमचा बाजार उजाडला. सकाळी ऊन चढायच्या आत सलीमभाईंच्या दुकानापुढे आम्ही आठ कोंबडे मांडले. आठही जणांच्या अंगात झबली. जुन्या सुती लुगड्याची, छातीवर चपखल बसणारी आणि उंच कॉलरची, अगदी तुऱ्याखालपर्यंत. चार उघड्या मानेचे, चार भरल्या मानेचे. कोण कुठला, हे फक्त ताईंना माहीत. बाजार थांबला. भाजीवाल्या उठून आल्या. मॅडम गाडीतून उतरल्या, झबल्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"ट्रायल, मॅडम."

"बारसं वाटतंय."

सलीमभाई पोट धरून हसले. "डॉक्टरसाब, मुर्गे को थंडी लगती क्या?"

"सलीमभाई, तुमच्या बोटांची जिल्ह्यात कीर्ती आहे," मी भाषणाच्या सुरात सुरुवात केली. बाजार जमला असेल तर मला भाषण आवरत नाही. "डोळ्यांनी कोणीही कोंबडी घेतो. तुम्ही फक्त बोटांनी चार निवडा."

बोटांची तारीफ ऐकल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी बाह्या सरसावल्या. कोंबडीची छाती जोखायची एक रीत आहे. छातीच्या मधोमध हाड असतं. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. हाड सुरीच्या पात्यासारखं टोचलं तर कोंबडी रिकामी. हाड मांसात बुडलेलं लागलं तर भरलेली. सलीमभाईंनी कपड्यावरून आठही छात्या दाबल्या, दोन पुन्हा दाबल्या, आणि चार कोंबडे बाजूला काढले. पहिल्यावर हात ठेवून म्हणाले, "ये तो पहलवान है."

ताई पुढे झाल्या. एकेक झबलं उतरलं. पहिला, पहलवान: उघडी मान. दुसरा: उघडी मान. तिसऱ्याला लोक शिट्ट्या वाजवू लागले. चौथा मात्र भरल्या मानेचा निघाला. मांसामागे शेकडो जनुकं असतात. मानेचं एक त्यातलं मोठं, पण राजा नव्हे. भरल्या मानेचाही एखादा चांगला निघतोच.

"आता लावला ना हात बिमार कोंबड्याले?" ताईंनी कमरेवर हात ठेवले. "अन् पहलवानबी म्हटलं!"

सलीमभाई खजील हसले. मॅडम मात्र शांत. "चारपैकी तीन. हा योगायोगही असेल, डॉक्टर."

शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर होतं. मी वही काढायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात दुकानाच्या आतून हाक आली. सलीमभाईंनी पहलवान कापून सोलायलाही घेतला होता.

"डॉक्टरसाब! इसमें पिसं तो हैच नहीं! दोन मिनिटात साफ! अन् सोलल्यावर सगळ्या मुर्ग्यांची मान उघडीच ना, गिऱ्हाईकाले काय कळते?" ते हात पुसत बाहेर आले. "ताई, कितने हैं तुम्हारे पास?"

"हायेत पन्नासच्या वर. पन बिमार हायेत."

"अरे ताई, माफ करो. पूरे लाओ. अगले महीने शादियाँ हैं."

मॅडमनी तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लाइन चालू ठेवायचा शेरा लिहिला. पसंतीच्या कारणाच्या रकान्यासाठी मी छातीचं मांस, उष्णता, प्रथिनं असं ऐटीत सांगू लागलो. त्यांनी तीन शब्द लिहिले: सोलायला वेळ कमी.

सातवी पिढी आता हॅचरीत आहे. तिचा बाप ताईंच्या अंगणातून उसना आणलाय, सन्मानाने, गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून. इतर गटांतल्या बायका आता नर मागायला माझ्याकडे येत नाहीत, परस्पर बेबीताईंकडे जातात. त्यांना पाकिटांची गोष्ट ताईच सांगतात, आणि माझ्यापेक्षा कमी वेळात.

मी एक नियम मात्र करून टाकलाय. नवी लाइन तयार झाली, की पहिला कोंबडा वजनकाट्यावर चढत नाही. तो आधी सोलणाऱ्याकडे जातो.