लाल पऱ्हाटीचे हिरवे फोटो

कापसाची ती वाईट वर्षं होती. आर्णीत माझा फोटो स्टुडिओ होता. रोलचा कॅमेरा सोडून मी नुकताच डिजिटल घेतला होता आणि त्याच्या झगझगीत रंगांवर खूश होतो.

त्यातल्या एका साली पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, लाल्या रोग आला. पानं कडेनं लाल व्हायची, मग सबंध लाल होऊन गळायची. एकटीनं शेती करणारी एक मावशी मला तिच्या वावरात घेऊन गेली. नुकसानीच्या पंचनाम्याला फोटो हवे होते. मी काढले, प्रिंट करून दिले. दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन परत आली.

"बाबू, माही पऱ्हाटी लाल हाय. हे कोनाचं वावर होय?"

मी नीट पाहिलं. पीक चांगलं हिरवट दिसत होतं. मला शरम वाटली. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके असतात. त्यांनी टिपलेलं जसंच्या तसं फोटोत येत नाही. मधे कॅमेरा आपला हिशेब करतो. सगळीकडे लाल दिसलं की त्याला वाटतं उजेडच लाल आहे, मग तो लाल कमी करतो. वर शेताचा फोटो म्हणून हिरवा चढवतो.

मी पुन्हा वावरात गेलो. पांढरा कागद धरून कॅमेऱ्याला पांढरं काय ते दाखवलं, रंग चढवणं बंद केलं. आता पानं होती तशी आली, गंजल्यासारखी.

दोघं तहसील कचेरीत गेलो. पंचनामे करणाऱ्या साहेबानं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

"हे हिरवे खरे. हे तुम्ही कॉम्प्युटरवर लाल केले."

मी समजावू लागलो. त्यानं कोपऱ्यात पिचकारी मारली. "मशीन कायले खोटं बोलन?"

"फोटो राहू द्या, साहेब," मावशी म्हणाली. "वावरात चला, डोयानं पाहा."

"एवढ्या उन्हात?" म्हणत त्यानं कागदावर लिहिलं: नुकसान किरकोळ.

मावशी उठली. पुढं तिनं पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला. त्या दिवशी तिच्यामागून मी कचेरीच्या दारात पोचलो तेवढ्यात साहेबानं हाक मारली. त्याला पासपोर्टचे फोटो हवे होते. "चेहरा जरा गोरा करून द्या."

आठवडाभरानं तो आला. माझ्या खुर्चीवर बसून त्यानं खर्रा गालात सरकवला. मी फोटो काढले, गोरे करून दिले. नाही म्हणता आलं असतं. त्याच्यापेक्षा माझीच किळस मला जास्त आली, आणि ती अजून गेलेली नाही.