नापास झालात तर स्वतः या

टायपिंगच्या अक्का माणसाला तोंडावर विचारायच्या, "मरावंसं वाटतंय का?" 'समास सोडलास का?' हे ज्या सुरात विचारायच्या, त्याच सुरात. त्यासाठी त्याला वर्गातून उठवून गॅलरीत न्यायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि प्रश्न टाकून गप्प उभ्या राहायच्या. पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर. समोरचा दचकायचा, हसण्यावारी न्यायचा, कुणी चिडायचाही. अक्का जागच्या हलायच्या नाहीत.

सोलापुरात नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानावर त्यांचा क्लास होता. मशीन जाऊन संगणक आले तरी लोक त्याला टायपिंगचा क्लासच म्हणत. सरकारी नोकरीची स्वप्नं बघणारी आमच्यासारखी मुलं तिथं यायची. अक्का मूळच्या वळसंगच्या, घरी कानडी. वर्गात त्यांचं मराठी छापल्यासारखं शुद्ध असे. मायेत आल्या की मात्र "काय रे तमा, जेवलास न्हाय वाटतं?" असं सुरू व्हायचं. 'तमा' म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचे तमा आणि 'तंगी', म्हणजे धाकट्या बहिणी, अख्ख्या जिल्ह्यात पसरलेल्या होत्या.

क्लास आधी त्यांचे यजमान चालवायचे. ते आत्महत्येनं गेले. नातेवाइकांनी सगळ्यांना हार्ट अटॅक सांगायचं ठरवलं. शोकसभेत दोघांनी तसं सांगितलंही. मग अक्का उठल्या. म्हणाल्या, "सर मनाच्या आजारानं गेले. वर्षभर त्यांना झोप नव्हती, आणि मला वाटत होतं, विचारलं तर त्यांना वाईट वाटेल. मी विचारलं नाही. तुम्ही तुमच्या घरच्यांना विचारा." थोरले दीर ताडकन उठून निघून गेले. पुढं कितीतरी वर्षं अक्कांना त्या घरच्या लग्नांची पत्रिका आली नाही. अक्का न बोलावता जायच्या, आहेर द्यायच्या, पहिल्या पंगतीला बसून जेवायच्या. "मी का तोंड लपवू? सरांनी काय दरोडा घातला होता?" लोक सरांच्या जाण्याचं कारण विचारायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "एकच कारण असतं तर मीच दुरुस्त केलं नसतं का?"

क्लासच्या फळ्याशेजारी त्यांनी टाइप करून चिकटवलेला एक कागद होता. 'पास झालात तर पेढे पाठवा. नापास झालात तर स्वतः या.' एका पालकांना तो खटकला. वर्गात येऊन ते सगळ्यांदेखत बोलले, "बाई, तुमच्या असल्या विचारण्यानं पोरांच्या डोक्यात भलतं येईल." अक्कांनी त्यांना खुर्ची दिली. "ज्याच्या डोक्यात नाही त्याला विचारून काही होत नाही. ज्याच्या डोक्यात आहे तो कुणीतरी विचारायची वाट बघत असतो. तुम्ही तुमच्या मुलाला शेवटचं काय विचारलंत?" ते म्हणाले, "मार्क." आणि मग स्वतःच खाली बघायला लागले. मुलाचं नाव त्यांनी काढून घेतलं नाही.

माझी गोष्ट सांगतो. मी नातेपुत्याचा. स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा नापास झालो तेव्हा घरी निकाल लागलाच नाही असं सांगितलं होतं. क्लासला येत होतो, कारण खोलीवर एकटं बसवत नव्हतं. एका दुपारी अक्कांनी खांद्यावर टिचकी मारली आणि गॅलरीत नेलं.

"मरावंसं वाटतंय का?"

"छे, अक्का. काहीतरीच."

"बरं. आता परत विचारते. ह्या वेळी माझ्याकडं बघून सांग."

खाली रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, माणसं, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मी म्हणालो, "व्हय."

मला वाटलं होतं, आता रडतील, शपथा घालतील, आईबापाची आठवण करून देतील. त्यांनी फक्त माझं मनगट धरलं. "सांगितलंस, लई चांगलं केलंस. आता तुला एकट्याला सोडायची न्हाय मी. पटो न पटो." त्यांनी वर्ग एका मुलीवर सोपवला आणि मला घरी नेलं. त्या आठवड्यात मी खोलीवर गेलो नाही. बॅगही त्यांनीच माणूस पाठवून आणवली.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या रांगेत आम्ही बसलो. मी रुमाल तोंडावर धरला होता. अक्कांनी तो ओढून पर्समध्ये टाकला. "हात मोडला असता तर असा तोंड झाकून बसला असतास का?" तेवढ्यात त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ जवळ येऊन कुजबुजले, "अक्का, तुम्ही इथं कशा?"

"हा माझा तमा. मनानं आजारी आहे," अक्का सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुम्ही?"

"मी... असाच. सहज."

"सहज कोण येतंय हितं? बसा की. नंबर लावला का?"

ते गृहस्थ आमच्या शेजारी बसले. त्यांनी नंबर लावला होता.

मला लाज वाटली, रागही आला. पण त्या रांगेत कितीतरी दिवसांनी मला हसूही आलं. औषधं सुरू झाली, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. बरं वाटायला महिने गेले, मध्ये पुन्हा ढासळलोही. घरी फोन मी करायचा आणि त्या शेजारी बसणार, असं ठरलं. वडील मिळेल त्या एसटीनं आले. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले, "बाई, आमचं काय चुकलं?" अक्का म्हणाल्या, "ते शोधायला लई वेळ आहे. आधी त्याच्या शेजारी बसून जेवा."

सगळे वाचले असं नाही. एक मुलगी चार दिवस क्लासला आली नाही. अक्कांना वाटलं, गावाला गेली असेल. पाचव्या दिवशी ती गेल्याचंच कळलं. अक्का तिच्या आईजवळ दिवसभर बसून आल्या. दुसऱ्या दिवशी क्लासला कुलूप होतं. तिसऱ्या दिवशी मी भीत भीत गेलो, तर त्या हजेरीची वही घेऊन बसलेल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "मला उशीर झाला. म्हणून काय विचारायचं सोडू? जास्त विचारीन." तेव्हापासून कुणी एक दिवस चुकला की संध्याकाळी फोन, दोन दिवस चुकला की अक्कांची स्कूटी दारात. माणसं वैतागायची. कुणी कडी काढायचं नाही. मग त्या पायरीवर बसून मोठ्यानं बोलायच्या, "मला घाई न्हाय. पेपर आणलाय वाचायला." कडी निघायची.

गेल्या वर्षी अक्का मूत्रपिंडाच्या आजारानं गेल्या. मातीसाठी त्यांना वळसंगला नेलं. शेताच्या बांधापर्यंत माणसं उभी होती. वडील माझ्याबरोबर आले होते. भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाई गोंधळून विचारत होत्या, "एवढे लोक कुठले? आमच्यातले तर न्हाईत."

समोर एक पोलीस हवालदार होता, वर्दीत. तो म्हणाला, "आज्जी, मी मरायला निघालो होतो. अक्कांनी जाऊ दिलं नाही." मग कडेवर मूल घेतलेली एक बाई म्हणाली, "मीसुद्धा." मागून कुणीतरी म्हणालं, "मी पण, आज्जी." कुणी आवाज खाली घेत नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि थांबलो. वडील शेजारी होते. त्या वर्षी मला काय झालं होतं, हे त्यांनी गावात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. पोराला कावीळ झाली होती, असंच सांगत आले होते. आमच्या गावचे दोघे त्याच गर्दीत उभे होते.

वडिलांनी टोपी काढली आणि दोन पावलं पुढं झाले.

"ह्यो माजा पोरगा," ते त्या म्हाताऱ्या बाईंना म्हणाले, पण बघत होते त्या दोघांकडं. "कावीळबिवीळ काय न्हवती त्याला. जगायचंच नको झालं हुतं. हिनं राखला."