निरोपाला नापास
सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की एका मराठी शब्दाने मला डॉक्टरकीच्या परीक्षेत नापास केलं होतं. काल इथे अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात मित्राच्या दारात बूट घालताना मी ‘येतो’ म्हणालो आणि सगळं आठवलं. कॅरिबियन बेटावरच्या कॉलेजात आमची पेशंट तपासायची परीक्षा होती. वीज गेलेली, कोट घामाने पाठीला चिकटलेला, आणि समोर परीक्षेपुरतं पोटदुखीचं नाटक करणाऱ्या तिथल्याच एक आजी. पास झालो तरच पुढचं शिक्षण अमेरिकेतल्या हॉस्पिटलात होणार होतं. मी सगळं नीट विचारलं, पोट तपासलं आणि आपल्या ‘येतो हं’चं इंग्रजी करून ‘आय विल कम’ म्हणत बाहेर पडलो. आजी माझी वाट बघत कण्हत राहिल्या. परीक्षकांनी शेरा मारला, ‘पेशंटला अर्धवट सोडून गेला.’ मी परोपरीने सांगितलं, की आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ असतं, पण सर ढिम्म हलले नाहीत. आणखी सहा महिने त्याच बेटावर काढायचे, या विचाराने मी डोकं धरून बसलो, तेव्हा आजी पलंगावरून म्हणाल्या, “जातो म्हणाला असतास, तर मी केव्हाच बरी होऊन घरी गेले असते.”