ड्रॉइंग हॉलचे मुळे सर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी दामोदर मुळे सरांचं नाव घेतो. आजही घेतो. फक्त त्या नावापुढे काय बोलावं, ते आता सुचत नाही.

झाशीच्या आमच्या जुन्या तंत्र महाविद्यालयात, म्हणजे आताच्या विद्यापीठात, सर स्थापत्य शिकवायचे. वर्गात आले की फळ्याकडे न जाता ते भिंतीला तळहात टेकवून क्षणभर उभे राहत. आम्हालाही तसं करायला लावत. "आधी हात, मग टेप," म्हणत. चुन्याने त्यांच्या उजव्या खिशाचा काठ कायम पांढरा असे.

मी एरच रोड स्टेशनवरच्या गँगमनचा मुलगा. घरी मराठी, शाळेत हिंदी. इंग्रजी पुस्तकाची पानं मोजण्यापलीकडे माझी मजल जात नव्हती. पहिल्या सहामाहीतच मी घरी परत जायचं ठरवून ट्रंक भरली. सरांना कळलं, तसे ते वसतिगृहात आले आणि त्या ट्रंकेवरच बसले.

"चुना काय इंग्रजीत मळतात का रे भैया? चल, ऊठ."

त्यांचं घराणं गुरसरायचं, पिढ्यान्‌पिढ्या बुंदेलखंडात मुरलेलं. मराठीत हिंदी अशी सहज यायची.

त्यांनी मला ड्रॉइंग हॉलमध्ये नेलं. दगडी, उंच, पुढे कडुनिंबांची रांग, आणि खिडक्या सगळ्या उत्तरेला. "कागदावर हात धर. सावली दिसते?" दिसत नव्हती. "दिवसभर दिसणार नाही. तुझा जन्मही झाला नव्हता, तेव्हा बांधणाऱ्याने तुझा विचार केला होता." त्या हॉलमध्ये वर्षभर, तास संपल्यावर, सरांनी मला एकेक धडा मराठीतून समजावला. मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. पुढे तिथेच त्यांच्या हाताखाली शिकवू लागलो.

हॉलच्या पश्चिमेकडच्या कमानीवर एक जुनी भेग होती. सरांनी माझ्याकडून तिच्यावर आडवी काचेची पट्टी बसवून घेतली, दोन्ही टोकं चुन्यात पक्की. भेग जराही हलली तर काच तडकते. "माझ्यावर भरवसा ठेवू नको, तिच्यावर ठेव," ते म्हणाले. दर महिन्याला मी शिडी लावून पाहायचो. सहा वर्षांत काच तडकली नाही. भेग वाढत नव्हती, हॉल धडधाकट होता.

मग त्या जागी चार मजली इमारत बांधायचं घाटू लागलं. हॉल धोकादायक आहे का, हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष सरच होते, म्हणून मी निर्धास्त होतो. एक दिवस कार्यालयातले तिवारी बाबू हसून म्हणाले, "बधाई हो मास्साब! आपका नक्शा लखनऊ जा रहा है।"

लखनौला सरकारी मंजुरीसाठी निघालेला हॉलचा तो नकाशा मीच मोजमाप घेऊन काढलेला होता, खाली माझी सही. फक्त भेगेशेजारी दोन शब्द नवे होते: ‘बढ़ती दरार’, म्हणजे वाढती भेग. अक्षर सरांचं. सोबतच्या अहवालात हॉल पाडण्याची शिफारस होती.

मी शिडी घेऊन धावलो. काच अख्खी होती. तसाच सरांच्या घरी गेलो.

"सर, काच फुटलेली नाही."

"माहीत आहे. बैस."

"मग माझ्या सहीवर हे?"

"तुझ्या मोजमापावर कुणी शंका घेत नाही, विष्णू." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "नवी इमारत माझ्या आराखड्याने होते आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींना हात लावला. एक माझी नको?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, त्याला पोहे विचारा."

मला ओरडायचं होतं. मी पोहे खाऊन परत आलो.

समितीपुढे जायला हवं होतं. गेलो नाही. या माणसाला सर्वांदेखत खोटं कसं पाडायचं, असं स्वतःला सांगत राहिलो. हॉल पाडायला ठरल्यापेक्षा तिप्पट दिवस लागले. चुना सुटत नव्हता. "मास्साब, जा दीवार तो गिरई नईं रई!" मजूर वैतागून म्हणायचे. कडुनिंबही गेले. नव्या इमारतीत भर दुपारीही दिवे लावावे लागतात.

सरांच्या निवृत्तीचा समारंभ त्याच इमारतीत ठरला. भाषण विष्णूने करावं, असा खुद्द सरांचाच निरोप आला. मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"पूज्य सरांना शिरसाष्टांग नमस्कार.

भाषण मला जमणार नाही. बोलायला उभा राहिलो तर सगळंच बोलावं लागेल, आणि काकूंसमोर ते माझ्याच्याने होणार नाही.

हॉल पडला तेव्हा मी गप्प बसलो. तो दोष माझा. पण तेव्हापासून कुठल्याही नकाशावर सही करताना, कुणाला काही लिहिता येईल अशी मोकळी जागा राहिली नाही ना, हे मी आधी पाहतो. ही सवय मला तुमच्यामुळे लागावी, याचं वाईट वाटतं.

विद्यापीठाला मी आज लेखी कळवलं आहे की नकाशा माझा आहे, ते दोन शब्द माझे नाहीत. कुणाचे, ते लिहिलेलं नाही. विचारलं तर सांगेन. प्रत सोबत जोडली आहे. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

काकूंना नमस्कार.

आपला विद्यार्थी,
विष्णू"